वायरलेसवरची वहिनी

मच्छीमार सोसायटीच्या माडीवर वायरलेसचा सेट होता आणि त्यासमोर बसणाऱ्या बाईला सगळं बंदर ‘वादळबाई’ म्हणायचं. वादळाचा इशारा आला की समुद्रातल्या बोटी माघारी बोलवायच्या, हे तिचं काम. त्या वर्षी समुद्राचं पाणी भलतंच तापलं होतं आणि एकामागून एक वादळं उठत होती. पहिल्या वेळी घसा फोडून तिने बोटी परत आणल्या. वादळ दुसरीकडेच वळलं. पुढच्या वेळीही तेच. मग काय, लोकांना आयतंच निमित्त मिळालं.

“वादळबाई, आज छत्री घेऊ का?” असं खालून ओरडायचे. त्यात तिचा धाकटा दीर सगळ्यांच्या पुढे.

तिसरा इशारा आला तेव्हा तो तिघा खलाशांना घेऊन बाहेरच होता.

“वहिनी, एवढं जाळं ओढतो आणि येतो.”

“जाळं राहू द्या, भाऊजी. आधी निघा.”

“निघतो हो!”

निघाला, पण उशिरा. दुपारी आभाळ काळंठिक्कर झालं, खिडकीच्या काचा थडथडायला लागल्या आणि सेटवर त्याचा आवाज आला, “वहिनी, इंजिन बंद पडलंय.”

तिने तटरक्षक दलाला कळवलं. वारा उतरल्याशिवाय बोट सोडता येणार नाही, असं ते म्हणाले. त्यांचंही खरंच होतं. तिच्या हातात उरलं माईकचं बटण. ते दाबून ती विचारत राहिली, पाणी उपसताय ना, जॅकेटं घातलीत ना. जॅकेटं दोनच होती. ती त्याने वयाने लहान असलेल्या दोघांना दिली होती.

“आवाज येतोय ना, वहिनी?”

“येतोय. बोला.”

“काही नाही. नुसतं विचारलं.”

मग नुसती खरखर. अंधार पडेपर्यंत ती त्या खरखरीशी बोलत राहिली.

वादळ ओसरल्यावर जॅकेटवाले दोघे जिवंत सापडले. बाकीचे दोघे सापडलेच नाहीत.

धाकटी जाऊ तिच्या पुढ्यात येऊन बसली. “ताई, शेवटी काय म्हणाले? माझं, पोरांचं काही?”

काहीतरी गोड सांगावं, असं अगदी ओठांवर आलं. पण त्याचा आवाज कानात इतका ताजा होता की दुसरे शब्द त्याच्या तोंडी घालवेनात.

“आवाज येतोय का, एवढंच विचारलं गं.”

जाऊ उठून आत गेली आणि तिने दार लोटून घेतलं.

पुढच्याच आठवड्यात नवा इशारा आला आणि तिने पुन्हा माईकचं बटण दाबलं. वादळांचा मोसम अजून बराच बाकी होता.