कोळशाच्या टाकीनं गॅरंटी गेली

मंडळी, आज सकाळी आमच्या बसचं बंद पडलेलं इंजिन बघायला कंपनीचा एजंट परभणीला आला. बस नवीच हाय, गॅरंटी चालू, म्हणून मी आणि धाकटा भाऊ दत्तू निर्धास्त होतो. दत्तूनं तर बस चालवायसाठी गिरणीतली नोकरी सोडलेली.

एजंटानं इंजिन उघडलं, आत बोट फिरवलं आणि काळी राख दाखवली. मग बसच्या मागं लावलेल्या, कोळसा जाळून गॅस करायच्या टाकीकडं बघून म्हणाला, "इंजिन हमारा, ये टाकी किसकी?"

"आमीच बसवली," दत्तू म्हणाला. "महायुद्धामुळं पेट्रोल मिळंना. समदे कोळशाच्या गॅसवरच चालवायलेत."

"चलाओ. लेकिन गॅरंटी खतम."

दत्तूनं लय विनवण्या केल्या. मला राग यायला पाहिजे होता, आला न्हाई.

एजंट गेला. दत्तू बसमध्ये चढून स्टेअरिंगपाशी बसला. तेवढ्यात पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला निघालेल्या बाया आल्या.

"मालक, गाडी कवा सुटणार?"

"आज न्हाई," मी म्हणालो. उद्याचं त्यांनी विचारलं न्हाई.

टाकी बसवली नसती तर बस पेट्रोलवाचून उभी राहिली असती. बसवली, तरी उभीच हाय. तुमी काय केलं असतं?