निकालात नसलेली साखळी

लिहायला बसलो खरा, पण हे आपलं काम आहे का, ही धाकधूक आहे. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मीच पहिला. चुकलं तर वाचणाऱ्यांनी माफ करावं. पण ती साखळी माझ्याशिवाय कुणी लिहिणार नाही.

बाचा उजवा हात लोखंडी खाटेला साखळीनं बांधला होता. तुरुंगातून आजारी म्हणून त्याला हिंगोलीच्या दवाखान्यात आणलं होतं. आजूबाजूला पेशंट, त्यांच्या बायका, लेकरं. बाला लघवी लागली. साखळी आखूड. उठून बसता यायचं, खाली उतरता यायचं नाही. पहाऱ्यावरचा शिपाई म्हणाला, "पोरगं आलंय न्हवं? धर म्हणा भांडं."

मी धरलं. बानं डोळे मिटून घेतले.

समोरच्या खाटेवर आमच्या साखरा गावचे पाटील मोसंबी सोलत बसले होते. तेही कैदीच. आमच्या वस्तीनं गायरानात पेरलं, पाटलांनी त्यात गुरं घातली, मारामारी झाली. शिक्षा दोन्हीकडं लागली. एकच कोर्ट, सारखीच सक्तमजुरी. पाटलांचे हात मोकळे. व्हरांड्यात गेले की शिपाई त्यांना खुर्ची द्यायचा.

पाटील म्हणाले, "कालेजात हेच शिकवतेत का रे? बराबर धरलंस."

वॉर्डात दोघं-तिघं हसले.

मग जेवण आलं. बा डाव्या हातानं जेवेना. "त्या हातानं घास जात न्हाई," म्हणाला. मी भरवायला लागलो. घास त्याच्या तोंडात नुसता फिरत राहिला.

वर्गात सरांनी एकदा विचारलं होतं, क्रूर शिक्षा म्हणजे काय? कुणी फाशी म्हणालं, कुणी हात तोडणं. सर म्हणाले, "न्यायाधीशानं दिली तेवढीच शिक्षा. वर चिमूटभर घालायचा हक्क कुणाला नाही. बेडी घालायची तरी कोर्टाची परवानगी लागते." तेव्हा मी ते परीक्षेसाठी उतरवून घेतलं होतं.

मी ताट खाली ठेवलं. शिपायापुढं जाऊन उभा राहिलो.

"साहेब, साखळीला कोर्टाची परवानगी हाय का?"

"काहून? वकील झाला का?"

"न्हाई. पण हाय का?"

"पळाला तर माझी नोकरी जाईल. तू देतो का पगार?"

"आन् पाटील पळाले तर?"

शिपाई पाटलांकडं बघायला लागला. पाटलांनी मोसंबी बाजूला ठेवली. बा हळूच म्हणाला, "चूप राय, लेकरा. तू जाशील. मला इथंच ऱ्हायचंय."

मी गप्प बसलो नाही. दुसऱ्या दिवशी कोर्टात अर्ज दिला. हातानं लिहिलेला, खाडाखोड झालेला. घेतला त्यांनी.

अजून होस्टेलबाहेर कुणी सायकलला साखळी लावली की माझा घास हातात थांबतो. अर्जावर तारखा पडताहेत. कोर्टातला बाबू म्हणाला, "आता माणूसच न्हाई, अर्ज कशाला?" मी तो मागे घेणार नाही. बाची शिक्षा न्यायाधीशानं भर कोर्टात वाचून दाखवली होती. साखळी कुणी सांगितली, ते मला त्याच कोर्टात, तसंच मोठ्यानं ऐकायचं आहे.

कारण अर्ज दिल्यावर काही दिवसांनी, मी कॉलेजात असताना, त्या शिपायाचा फोन आला होता.

"तुझा बाप गेला. सकाळीच."

मी एवढंच विचारलं, "साखळी काढली का?"



"पंचनामा व्हायचाय," म्हणाला. "मंग काढू."