उजेडात धरलेला हातमोजा

वहिनींचा फोन आला तेव्हा मी किन्हवलीकडच्या एका गोठ्यात गाय तपासत होते. डावा हात खांद्यापर्यंत आत, उजवा शेणाने भरलेला. मालकिणीने फोन माझ्या कानाला लावला. "गेले," एवढंच वहिनी म्हणाल्या. मी हात काढला, धुतला, गाय गाभण आहे असं मालकिणीला सांगितलं आणि घरी शहापूरला न जाता तशीच मुरबाडच्या रस्त्याला लागले. डॉ. मधुकर पष्टे गेल्याला आता काही आठवडे झाले. श्रद्धांजलीच्या चौकटीत त्यांना कुणीतरी 'अश्वप्रजननतज्ज्ञ' म्हटलं होतं. ते स्वतःला घोडीची सुईण म्हणवून घ्यायचे.

पशुवैद्यक महाविद्यालयात ते माझ्या पुढे होते, म्हणून जन्मभर 'सर' राहिले, आणि त्यांच्या पत्नी वहिनी. आधी नोकरी केली, मग ती सोडून त्यांनी मुरबाड-टोकावडे रस्त्यावर एका घोडेमालकाच्या तबेल्यात पत्र्याची शेड घातली आणि दर हंगामात डॉक्टरांना घोडीची सोनोग्राफी शिकवायला लागले. भाताच्या खाचरांत घोडे कुठले, असं लोक विचारत. पण वरातीच्या घोड्या होत्या, माथेरानला पर्यटक वाहून थकलेल्या होत्या, शर्यतीतून उतरलेल्या एक-दोन होत्या. शिकायला येणारे नगर-साताऱ्याकडचे, कल्याणला उतरून एसटीने यायचे. येणारे बहुतेक माझ्यासारखेच, गाईम्हशींत आयुष्य काढलेले. मीही तिथेच शिकले आणि पुढे दर हंगामात मदतीला जात राहिले. पहिल्या दिवशी सर कुणालाही घोडीला हात लावू देत नसत. वहिनींच्या पातेल्यात चायना ग्रासची घट्ट जेली लावून तिच्यात द्राक्षं बुडवलेली असायची. मशीनचा प्रोब टेकवला की पडद्यावर ती द्राक्षं काळी, गोल दिसत, अगदी कोवळ्या गर्भासारखी. एकदा वहिनींच्या भावाने फ्रीजमधली ती जेली वाटीभर खाल्ली आणि साखर विसरलात म्हणून बहिणीला ऐकवलं. सर ते दर बॅचला सांगायचे आणि दर बॅचला स्वतःच आधी हसायचे.

घोडीपाशी मात्र हसणं बंद. घोडीची तपासणीही मागूनच, गुदमार्गाने. खांद्यापर्यंतचा हातमोजा चढवायचा, प्रोब मुठीत धरून आत न्यायचा आणि आतड्याच्या भिंतीतून खाली गर्भाशय बघायचं. गाईलाही आम्ही हेच करतो, आणि नेमका तिथेच घात होतो. गाईचं आतडं चिवट, रेटून घेतं. घोडीचं पातळ. त्यात ती मध्येच कळ देऊन आतडं आवळते, आणि तेव्हा हात तसाच रेटला तर ते फाटतं. फाटलं की घोडी बहुतेक जातेच. "तुमचा हात गाईचा हाय," सर म्हणायचे, "गाय माफ करते, ही नाय करत. तिनं आवळलं का हात सैल सोडायचा. ती ढकलंल तसं बाहेर यायचं. भांडायचं नाय तिच्याशी." सांगायला हे सोपं आहे. नेमकं त्याच क्षणी पडद्यावर हवं ते अंडाशय दिसायला लागलेलं असतं आणि हात मागे घ्यायला मन तयार होत नाही.

काजल नावाची तांबूस घोडी अशीच गेली. एका बॅचमधल्या डॉक्टरला पडद्यावर चित्र मिळालं होतं, तेवढ्यात घोडीने आवळलं, आणि त्याने हात काढला नाही. नंतर मोज्यावर रक्त बघितलं आणि मोजा गुपचूप गुंडाळून कचऱ्याच्या पिंपात टाकला. लगेच सांगितलं असतं तर उपचार सुरू झाले असते, कदाचित वाचली असती. दुसऱ्या दिवशी काजल घामाने निथळत होती, पायाने जमीन उकरत होती, पोट फळीसारखं घट्ट. दुपारी तिला सरांनीच शेवटचं इंजेक्शन दिलं. मग पिंप उपडं करून एकेक मोजा उलगडून बघितला. रक्ताचा सापडला. सरांना तो कुणाचा ते कळलं होतं, असं मला आजही वाटतं, पण नाव त्यांनी कधी घेतलं नाही.

पुढच्या बॅचपासून शेडमध्ये रीतच पडली. हात बाहेर आला की मोजा काढायच्या आधी दारातल्या उजेडात धरायचा, सगळ्यांना दिसेल असा, आणि मोठ्याने बोलायचं, 'स्वच्छ' किंवा 'रक्त'. रक्त म्हणणाऱ्याला कुणी एक शब्द बोलायचा नाही. "रक्त लपवलं तर घोडी मरते," सर सांगायचे, "बाकी चूक कायपण करा, आपुन निस्तरू." पुढे एका मुलीने 'रक्त' म्हटलं, तेव्हा काम तिथेच थांबलं, औषधं सुरू झाली आणि घोडी गाडीत घालून दवाखान्यात नेली. ती वाचली. त्या मुलीला सरांनी स्वतःच्या हाताने चहा करून दिला होता.

आणि हा माणूस स्वतःचं रक्त वर्षभर लपवत होता.

मला राग येतो. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण मी रागावले आहे, आणि हे लिहितानाही तो राग गेलेला नाही. शौचाला रक्त पडत होतं. वहिनींना सांगितलं मूळव्याध आहे, म्हणून त्या बिचाऱ्या रोज ताकात जिरं घालून देत होत्या. पॅन्ट सैल झाली तर म्हणे, भात सोडलाय. मलाही तेच सांगितलं, वर माझ्या पोटाकडे बघून "तू पन सोड गो" म्हणाले, आणि मी हसले. आतड्याचा कॅन्सर कळला तेव्हा तो यकृतापर्यंत गेला होता. सर्जन म्हणाले, वर्षभर आधी आले असते तर कापून काढता आला असता. जन्मभर दुसऱ्यांना आतडं वाचवायला शिकवलेला माणूस... हे वाक्य मी पुष्कळदा मनात म्हटलं आहे. ते कधी पुरं होत नाही.

कल्याणच्या दवाखान्यात एका दुपारी वहिनी डबा आणायला गेल्या होत्या. सरांचे हात चादरीवर होते. एवढा भक्कम उजवा दंड पार वाळून गेला होता. मी विचारलंच. म्हटलं, सर, आम्हाला मोजे उजेडात धरायला लावलेत, आणि तुम्ही?

त्यांनी तोंड छताकडे फिरवलं. मग म्हणाले, "गेलतो मी एकदा. सुरवातीलाच."

"कुठं?"

"डॉक्टरकडं. घरी नाय सांगितलं. त्यानं कुशीवर झोपवलं. फोनवर बोलत व्हता, बोलता बोलताच बोट घातलं... येवढ्या घोड्यांच्या मागं उभा राह्यलो मी, शैला. मला वाटलं, आपल्याला कसली लाज. पन मी उठलो, पॅन्ट वर केली नि आलो निघून. परत जावंसं वाटलंच नाय."

ते माझ्याकडे वळले. रागावलेले नव्हते, खरंच नवल वाटत असल्यासारखे होते.

"सांगितलं नाय गो त्यानं, हात येतोय म्हनून. आपुन घोडीला पन सांगतो."

खरंच सांगायचे ते. शिकणाऱ्याचं लक्ष पडद्याकडे असायचं, आणि सर घोडीच्या तोंडाशी उभे राहून तिच्या कानात हळू काहीतरी बोलायचे. मी ते लाडात बोलणं समजत होते.

ठरलेली बॅच रद्द करायला वहिनींनी नको म्हटलं, म्हणून गेल्या आठवड्यात ती मी घेतली. पहिली घोडी खोड्यात, तपासणीच्या चौकटीत, उभी केली. पहिला डॉक्टर मोजा चढवून मागे उभा राहिला. मी त्याला थांबवून पुढे बोलावलं आणि आधी तिच्या तोंडाशी जाऊन सांग म्हटलं. तो बावरला. काय सांगू, असं त्याने विचारलं.

"हात येतोय म्हणून सांग," मी म्हटलं.

मागे कुणीतरी हसलं. मी हसू दिलं. तो पुढे गेला, मान खाली घालून घोडीला काहीतरी पुटपुटला, आणि परत आला. मग मी त्याला सुरू कर म्हटलं.