सातवी पोतडी

बैलबंडीतल्या कापसात कोपरापर्यंत हात घालायचा, आतून दोन बोटांनी एखादा धागा ओढून काढायचा आणि काडीपेटी शोधत खिसा चाचपायचा, ही कापसाची प्रत ठरवणाऱ्या आमच्या ग्रेडरांची सवय. खरेदी केंद्रात काडी ओढायला अर्थातच बंदी. म्हणून तो एक धागा घेऊन ते फाटकाबाहेरच्या पाण्याच्या टाक्यापर्यंत चालत जात. मागून बंडीवाला आणि त्याच्या मागून दोन-चार रिकामटेकडे. मी वजनकाट्यावर कारकून होतो, मलाही ती वरात पाहायला आवडायची.

तिथे धागा पेटवून त्याची राख झाली की ते मान डोलावत. काळा मणी झाला की एवढंच म्हणत, "हे आपल्या वावरातलं नाही." मग बंडी बाजूला.

कापसाला वाईट दिवस होते. भाव पडलेला, रांग बाभुळगावच्या रस्त्यापर्यंत गेलेली. अशात एका धाग्यासाठी बंडी अडवणाऱ्या माणसाबद्दल लोक काय बोलत असतील ते तुम्हाला सांगायला नको. पण खताच्या प्लास्टिक पोतडीत कापूस वेचला की तिचे धागे कापसात उतरतात, त्यांना रंग चढत नाही आणि पुढे कापडावर पांढरी रेघ राहते. ग्रेडरांचं म्हणणं चूक नव्हतं. चूक होती ती वेगळीच, आणि ती कळली त्यांच्या बहिणीची बंडी आली तेव्हा.

बहीण जवळच्याच गावची, स्वतः शेती पाहणारी, तोंडाने खमकी. धाग्याचा मणी झाला. ग्रेडर टाक्यापासून परत आले आणि सगळ्यांसमोर तिला म्हणाले, "निवडून आण." ती बंडीवरून उतरली नाही. शांतपणे म्हणाली, "पोतड्या तर तूच देल्त्या, भाऊ."

खरंच होतं ते. अशा पोतड्या नवीन निघाल्या तेव्हा ग्रेडरांनीच भाऊबीजेला ओवाळणीत साडीबरोबर तिला सात पोतड्या घातल्या होत्या. भिजत नाहीत, कुजत नाहीत, जन्मभर पुरतील म्हणून. गावभर कौतुक झालं होतं आणि पाहून पाहून सगळ्यांनीच तशा घेतल्या होत्या.

त्या दिवशी ग्रेडर संध्याकाळी बहिणीशेजारी बसून धागे निवडत होते. पुढच्या भाऊबीजेला ते तिच्या घरी गेले, पाटावर बसले, पण ओवाळणीचं ताट काही बाहेर आलं नाही.

तेव्हापासून माणूस बदलला. जुन्या धोतरांच्या, कमरेला बांधायच्या ओट्या शिवून कापूस वेचणाऱ्या बायांना वाटू लागला. टपरीवर प्लास्टिकचा पेला पुढे आला की पिशवीतून स्वतःचा काचेचा ग्लास काढायचा. मटणाच्या दुकानात स्टीलचा डबा. टपरीवाला त्यांना लांबून पाहूनच हसायचा.

मधे ते पुतण्याकडे, गोदावरी समुद्राला मिळते तिकडे, आठ दिवस जाऊन आले. आल्यावर मला म्हणाले, "एक कोळी जाळं निवडून राह्यलता. दोन बोटानं धागे काढे, अगदी माह्यासारखा. पाह्यलं तर पोतडीचेच."

मी चिडवलं, की साहेब, समुद्र इथून कुठल्या कुठे, आपल्या पोतड्या तिथे कशा जातील?

"आपला नाला बेंबळ्यात जाते," ते बोटांवर मोजत म्हणाले, "बेंबळा वर्ध्यात, वर्धा पुढं गोदावरीत. थांबते कुठं, सांग मले."



त्यांनी बहिणीकडे निरोप धाडला, माझ्या पोतड्या परत दे. सहा आल्या. सातवी पुरात नाल्याने नेली, असं उत्तर आलं. मग हा गृहस्थ दर रविवारी काठी घेऊन तो नाला धुंडाळू लागला. बाभळीला अडकलेल्या चिंध्या काढायचा, गोळा करून आणायचा. लोक म्हणाले, भ्रमिष्ट झाला. मीही म्हणालो, आज त्याची लाज वाटते.

तो नाला बहिणीच्या वावराला लागूनच होता. दोन वर्षं तिने बांधावरून नुसतं पाहिलं. तिसऱ्या वर्षी ती लुगड्याचा काचा मारून खाली उतरली आणि म्हणाली, "तू तिकडून पाह्य, मी इकडून पाह्यतो." त्या दिवाळीला ताट बाहेर आलं. हे मला त्यांनीच सांगितलं, आणि सांगताना ते रडले.

नंतर दोनच भाऊबिजा त्यांच्या वाट्याला आल्या. ते गेले तेव्हा खिशात काडीपेटी होती.

परवाच्या भाऊबीजेला मी एसटीने जात होतो. नाल्याच्या पुलावर गाडी थांबली आणि खाली त्यांची बहीण दिसली. आता बरीच वाकली आहे. काठीने बाभळीवरून एक विटलेली पोतडी सोडवत होती. मी उतरून गेलो आणि विचारलं, हीच का सातवी?

"काय माहीत बापा. छापा तं धुऊन गेला." तिने पोतडी झटकून घडी घातली. "सापडली की त्याचीच समजतो मी. अशा अकरा सातव्या झाल्या."

पोतडी काखेत मारून ती पुढच्या बाभळीकडे निघाली.