साहेबांसाठी तीन पायऱ्या

पालघर आणि बोईसरच्या मधे आमचं गाव. गावाला स्टेशन होतं म्हणजे काय, तर नावाची पाटी, तिकिटाची खोली आणि एक चिंच. फलाट नव्हता. गाडी आली की माणसं रुळांशेजारच्या खडीत उभी राहून माळ्यावर चढायचं असल्यासारखी वर बघायची. धडधाकट असतील ते दांडीला लोंबकळून चढत, म्हाताऱ्यांना आतलं कोणीतरी बखोटीला धरून ओढून घेई.

माझी आई सातपाटीची लेक, जातिवंत कोळीण. रोज सकाळच्या पॅसेंजरने मासळीची टोपली घेऊन विरारच्या बाजाराला जायची. आधी टोपली वर द्यायची, मग स्वतः चढायचं. एकदा टोपली वर गेली आणि आई खाली राहिली. पाय सटकला, गुडघा खडीवर आपटला तो कायमचा दुखावला. डॉक्टर म्हणाले, हे असं चढणं सोडा, नाहीतर पाय जाईल. आई म्हणाली, "घरी बसून काय करू? भिंतींना मासली इकू?" बाजार हा तिचा जीव होता. आता फलाट झाला तरच तो टिकणार होता.

आता मी. मी म्हणजे गावातला पहिला मॅट्रिक, पालघरला कचेरीत कारकून, अंगात इस्त्रीचा शर्ट आणि अक्कल बेताची. फलाटासाठी रेल्वेला अर्ज मीच लिहिला. असा झकास जमला होता की टपालात टाकण्याआधी मीच तो चारदा वाचला. पुष्कळ महिन्यांनी उत्तर आलं : साहेब पाहणीला येत आहेत.

झालं! गावाच्या अंगात आलं. शाळेत सभा भरली. हेडमास्तर म्हणाले, "साहेबांसमोर गावाची शोभा होता कामा नये." तिकिटाच्या खोलीला चुना लावायचं ठरलं, चिंचेला तोरण बांधायचं ठरलं. मग ठरलं की त्या दिवशी कोळणींनी टोपल्या घेऊन स्टेशनावर येऊ नये, वास येतो. डोंगराकडच्या लोकांनी मोळ्या आणू नयेत, कचरा होतो. ठराव हेडमास्तरांनी मांडला, अनुमोदन मी दिलं. वर माझी स्वतःची एक कल्पना : साहेब काय खडीत उडी मारणार? त्यांच्यासाठी सुताराकडून सागवानी तीन पायऱ्या करून घ्याव्यात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

साहेब यायच्या आदल्या रात्री आईला सांगितलं, "उद्या तू येऊ नकोस."

"का? सायेबाला माजा गुडगा दाकवायचा का लपवायचा?"

"अगं, वास येतो."

एरवी तिने माझी सालटी काढली असती. त्या दिवशी एवढंच म्हणाली, "बरं, नाय येत." मला वाटलं, पटलं तिला.

साहेब आले. आमच्या पायऱ्यांवरून नवरदेवासारखे उतरले. हार झाले, शहाळी झाली. साहेबांनी इकडेतिकडे बघून विचारलं, "उतारू कुठे आहेत?" हेडमास्तर छाती काढून म्हणाले, "साहेब, आपल्याला त्रास नको म्हणून आज गर्दीच होऊ दिली नाही." साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं, पायऱ्यांचं कौतुक केलं आणि त्यांच्यावरूनच पुन्हा गाडीत चढले.

पुढच्या महिन्यात पत्र आलं. स्टेशनावर वर्दळ दिसली नाही, चढण्या-उतरण्याची सोय उत्तम आहे, सबब फलाटाची गरज नाही.

त्या पायऱ्या तरी आईला मिळाव्यात म्हणून मी तिकीटवाल्याकडे गेलो. त्याने कुलपाआड ठेवल्या होत्या. "त्या साहेबलोकांसाठी आहेत," तो म्हणाला आणि आमच्या सभेचा तसा लेखी ठराव दाखवला. अक्षर माझंच होतं, वळणदार.

आई खडीतून चढत राहिली, आणखी दोन वर्षं. मग एका सकाळी टोपली वर गेली आणि तिला पाय उचलताच येईना. टोपली एकटीच विरारला गेली. त्यानंतर आई ओटीवर बसून गाडीची शिट्टी ऐकायची आणि गाडीला शिव्या द्यायची. मला द्यायला हव्या होत्या, पण मला देत नसे. ते मला फार लागायचं.

मग तारापूरच्या अणुवीज केंद्राचं काम निघालं. बोईसरला खोल्या मिळेनात म्हणून कामगार आमच्या गावात भाड्याने राहू लागले. सकाळी तेलकट कपड्यांतली, विड्या ओढणारी ही गर्दी खडीत उभी राहायची, हिंदीतून रेल्वेचा उद्धार करायची आणि चढताना गाडी रोज अडकवून ठेवायची. त्यांनी ना तोरण बांधलं, ना अर्ज लिहिला. वर्ष फिरायच्या आत फलाट झाला.

आईला हाताला धरून बघायला नेलं. तिने काठीने फलाट ठोकून पाहिला. तेवढ्यात पॅसेंजर आली. गावातली एक तरुण कोळीण डोक्यावर टोपली तशीच ठेवून डब्यात शिरली, घरात शिरावं तशी. आईने एक पाय दारात ठेवला, मग काढून घेतला.

गाडी गेल्यावर ती चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाली, "तवा मना घरी बसवली नसतीस, तर सायेबाला वास तरी आला असता."

मी पटकन आजूबाजूला पाहिलं, कोणी ऐकलं तर नाही ना.