बोटांनी वाचलेली फाईल

बाबांच्या तेरवीनंतर काही दिवसांनी त्यांच्या जुन्या लॅपटॉपचा पडदा पूर्ण काळा झाला. दुकानदाराने आतली डिस्क काढली, सगळ्या फायली माझ्या नव्या लॅपटॉपवर उतरवून दिल्या आणि जुन्याचा सांगाडा पिशवीत घालून परत केला. मला त्यातले फोटो हवे होते. आणखी काही मिळेल असं वाटलंच नव्हतं.

बाबांचं अनसिंगला टायपिंगचं इन्स्टिट्यूट होतं. आसपासच्या खेड्यांतली कितीतरी पोरं त्यांच्याकडे शिकून, मराठीची परीक्षा देऊन नोकरीला लागली. मीही त्यांच्याच हाताखाली शिकले आणि पुढे कॉलेजच्या ग्रंथालयात लागले. भाऊ मात्र पहिल्याच आठवड्यात पळाला. शेती पाहतो.

गेल्या वर्षी बाबांना लकवा झाला. उजवी बाजू गेली आणि वाचाही. मी त्यांना वाशिमला माझ्या घरी आणलं. यांना किती समजतं ते सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. त्याचा अर्थ आम्ही हळूहळू, काहीच समजत नाही, असा धरून चाललो. काही विचारलं तर मान हलत नसे. नजर छताला लागलेली असायची.

लॅपटॉप मात्र त्यांना लागायचा. पुढ्यात ठेवला की डावा हात सुरू होई. त्या पडद्याचा वरची पट्टी सोडून सगळा भाग तेव्हाच शाई सांडल्यासारखा झाला होता. ते काय टाइप करतात हे मला दिसत नव्हतं आणि त्यांनाही दिसत नसणार. पण पडद्याकडे न बघता टाइप करा, ओळ संपली की सेव्ह करा, हे त्यांनी जन्मभर पोरांना सांगितलं होतं. व्यायाम करून घ्यायला येणारी बाई म्हणाली, बोटांना चांगलं आहे, करू द्या. संध्याकाळ झाली की मी झाकण लावत असे.

दुकानातून फायली आणल्या त्या दुपारी भाऊ आला होता. फोटो बघून झाले. मग एक फाईल उघडली, तर पानंच्या पानं इंग्रजी अक्षरं. त्यात शब्द म्हणावा असा एकही नाही.

"हे काय वं ताई? बाबा इंग्रजीत काय लिहून राह्यले होते?"

"मराठीचा जुना फॉन्ट असेल. या नव्यात तो नाही, म्हणून असं दिसतंय."

"फॉन्ट-बिन्ट काही नाही. लहान पोरगं पेटी बडवते ना, तसं हाय हे. उडवून टाक, कायले जागा खाऊ देतं?"

"तुझ्या वावरातली तर खात नाही ना?"

आम्ही दोघंही हसलो. उद्या दुकानात जाऊन फॉन्ट टाकून आणू, असं म्हणून मी फाईल बंद करायला गेले. तेवढ्यात लक्षात आलं की यू, डी, के ही तीन अक्षरं त्याच क्रमाने पुन्हा पुन्हा येत आहेत. माझी बोटं टेबलावर आपोआप हलली. उजवी तर्जनी वरच्या ओळीत, मग डावं मधलं बोट, मग उजवं मधलं. मराठी टायपिंगात त्या कळा म्हणजे न, क, काना.

नका.

मी आणखी एक शब्द घेतला. सी, क्यू, ए, एन, एच. डोळ्यांना काहीच कळत नव्हतं, बोटांना कळत होतं. बुंदी.

"बुंदी करू नका. उरते. कोणी खात नाही. शिरा करा, तुपातला."

बाबांच्या खाटेशेजारी बसूनच काका, भाऊ आणि मी त्यांच्या तेरवीचा स्वयंपाक ठरवला होता. बाबा तेव्हा जिवंत होते. वेळेवर धावपळ नको, असं काका म्हणाले होते. बुंदी केली आणि ती खरोखरच उरली.

"काय झालं? तोंड काहून असं केलं?"

मी ओळ वाचून दाखवली.

"चाल, मस्करी नको करू."

"बाबांच्या तेरवीची मस्करी करीन मी?"

पुढे वाचत गेले. "पंखा कमी करा." "मुलगी कालचाच पेपर वाचून दाखवते." "मावशी आल्या. माझ्यासमोर रडल्या, बाहेर जाऊन हसल्या." एकेक ओळ उलगडत होती. किती महिने हा माणूस आमच्यात पूर्ण जागा होता.

भाऊ एकदम उठून उभा राहिला. "ताई, थांब. आईतवारचं काही हाय काय त्याच्यात?"

दर रविवारी तो अनसिंगहून यायचा. मी बाजारात गेले की बाबांजवळ एकटाच बसायचा.

"काय बोलायचास रे त्यांच्याशी?"

"ते जाऊ दे. तू वाचू नको. उद्या फॉन्ट टाकला की मी वाचतो."

पण ती ओळ माझी वाचून झाली होती. लपवणं जमलं नाही. "रविवारी पोरगा रडला. त्याले जेवू घालून पाठवा."

"अजून?"

"रविवारचं एवढंच दिसलं."

"कोणती ओळ? दाखव."

मी दाखवली. त्याने तिच्यावर बोट ठेवलं. ती अक्षरं त्याला वाचता येत नव्हती, तरी बोट हळूहळू ओळीच्या शेवटापर्यंत गेलं.

"म्हणजे आयकत होते."

"हो."

"मी म्हणलेलं सारं?"

"हो."

"मंग मी हात धरून बसत होतो, तर एकदा तरी दाबला काहून नाही त्यायनं?"

मी पान खाली सरकवलं. खाली अजून बरीच पानं होती, आणि आता ती सगळी मला वाचता येत होती.