चित्रकाराची आय

ऑफिसात त्या सिनेमावरून आमचं दोन दिवस वाजत होतं. एका जगप्रसिद्ध चित्रकारावरचा अ‍ॅनिमेशन सिनेमा. त्यातलं प्रत्येक चित्र माणसांनी हातानं, तैलरंगात रंगवलेलं. शेजारच्या टेबलवरचा म्हणायचा, "दिसतं भारी, पण गोष्ट कुठेय? चित्रकार मेल्यावर एक माणूस दारोदार विचारत फिरतो, तो का मेला? संपलं." मी म्हणायचे, असे रंग हलताना दिसतायत, तर गोष्ट हवी कशाला? मीही याच धंद्यातली, दुसऱ्यांच्या चित्रांतल्या रेघा साफ करते.

रविवारी दुपारी मी तो आयला दाखवायला लावला. माझा भाऊ गेला त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून मोरवा गावातलं घर बंद करून आय मीरारोडला माझ्याकडे राहते. भाऊ हाटकेश भागातल्या कारखान्याच्या एका गाळ्यात प्लास्टिकच्या खेळण्यांना रंग मारायचा आणि सुट्टीच्या दिवशी खाडीची चित्रं काढायचा. त्यानं स्वतःला संपवलं. चिठ्ठी ठेवली नाही. सिनेमातल्या चित्रकारानंही तेच केलं होतं, हे मला ठाऊक होतं. तरी लावला. मला फक्त रंग दिसत होते.

आयला इंग्रजी येत नाही. मी थांबवून थांबवून सांगत होते. हा डॉक्टर, हा खानावळवाला, ही चित्रकाराच्या घरमालकाची मुलगी. सगळे आपापलं सांगत होते. मध्येच मी म्हटलं, "आये, ते आभाळ बघ, कसं रंगवलंय!"

आय आभाळ बघत नव्हती. म्हणाली, "याची आय कुठं हाय?"

"या सिनेमात न्हाय ती."

"सगल्यांना इचारतोय. आयला न्हाय इचारत?"

मी सिनेमा थांबवला. पोलिसांनी मला विचारलं होतं. गाळ्याच्या मालकानं, भावाच्या मित्रांनी, नातेवाइकांनी, सगळ्यांनी मलाच विचारलं होतं. मी शिकलेली, मी बोलणारी. कामाचा ताण होता, असं मी सगळ्यांना सांगून टाकलं. आय तेव्हा आतल्या खोलीत बायकांमध्ये बसलेली असायची. तिला कोणी विचारलंच नाही. मीसुद्धा नाही.

"तू सांग, आये," मी म्हटलं.

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "तो गेला त्या दिवशी सकालीच मी मासली साफ करत होते. मांगं येऊन बसला. बोलला, आये, तुज्या हातांचं चित्र काढतो, जरा थांब. मी बोलले, हात घान हायत, उद्या काढ. बरं बोलला. उठून गेला."

"त्यात तुझी काय चूक, आये?"

"तसं नको सांगू, बाय. निस्तं आयक."

मी ऐकत राहिले. अंधार पडेपर्यंत ती बोलत होती. तो कितव्या महिन्यात चालायला लागला, पहिल्यांदा त्यानं कोळशानं काय काढलं, शेवटी शेवटी जेवताना कसा गप्प असायचा. कोणाकडेच दोन वर्षं न बोललेलं ती एकेक करून सांगत गेली. मध्ये एकदाच रडली.

तो गेला त्याच सकाळी भावानं मला एका चित्राचा फोटो पाठवला होता. ऑफिसात रेघा गिरवायच्या कामाची घाई होती. मी फोटो न उघडताच 'छान'चा अंगठा पाठवला. हे मी आयला अजून सांगितलेलं नाही.